अण्णांचा म्हाळ आणि बहिरी ससाणा

अण्णांच्या म्हाळाला तीन दिवस उरले असताना खाडीदर्शन सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर एक पक्षी येऊन बसला. नंदकिशोर कणशांचं पुढे जे काही झालं ते तिथपासून झालं.

खाडीदर्शन हे नाव बिल्डरने ठेवलेलं. प्रत्यक्षात खाडीचं दर्शन फक्त गच्चीवरून घडतं आणि गच्चीला कायम कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरी प्रसाद खानविलकर यांच्याकडे. ती मागायला गेलं की ते आधी कारण विचारतात, मग अर्ज मागतात, आणि मग किल्ली वॉचमन पंढरीकडे आहे असं सांगतात. त्यामुळे टाकीवर कोण येतं नि कोण जातं याचा सोसायटीला पत्ता असण्याचं कारण नव्हतं. पण सी विंगमधला आशुतोष नावाचा मुलगा घरून काम करायचा, म्हणजे बहुतेक वेळ खिडकीतून बाहेर बघायचा. त्याला तो पक्षी दिसला. त्याने उखळी तोफेसारखी लेन्स लावून फोटो काढले, ते कुठल्याशा ग्रुपवर टाकले, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटेल त्याला दबक्या आवाजात सांगायला सुरुवात केली की आपल्याकडे बहिरी ससाणा आलाय. थेट सैबेरियातून. हे पक्षी पावसाळा सरत आला की किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरतात, करावेच्या खाडीवर एखाद्याला ओझरता दिसला तरी तो माणूस वर्षभर सांगत फिरतो, आणि इथे तर तो राहत्या बिल्डिंगवर मुक्कामाला आलाय. मंत्र्यांचा दौरा जाहीर करावा तसं तो हे सांगत होता.

दुसऱ्या दिवशी ठाणे, डोंबिवली आणि कुठकुठून माणसं आली. निव्वळ खिशांचीच शिवलेली जाकिटं, डोक्याला हिरवट टोप्या, आणि बोलणं सगळं कुजबुजत, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं. खानविलकरांनी त्यांच्याकडून रीतसर अर्ज घेऊन गच्ची त्यांना दिली.

नंदकिशोरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पर्चेसला होता, आणि ज्या गोष्टीची तीन कोटेशनं येत नाहीत ती गोष्ट जगात नाहीच अशी त्याची पक्की समजूत होती. शिवाय त्याचं सगळं लक्ष म्हाळाकडे होतं. अण्णांना जाऊन वर्ष उलटलं होतं. हा त्यांचा पहिला म्हाळ. गावी वाईकडे थोरला भाऊ बाजीराव होता, म्हणजे मान खरा त्याचा. पण अण्णांची शेवटची वर्षं नेरुळच्या या फ्लॅटमध्ये गेली, तेव्हा म्हाळ आमच्याकडेच होईल असं नंदकिशोरने फोनवर जरा ताठ्यानेच सांगितलं होतं. बाजीरावने हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाला की कर बाबा, पण कावळा शिवला पाहिजे, तुमच्याकडचे कावळे वडापाव खाऊन सोकावलेले असतात.

तेव्हापासून नंदकिशोर कावळ्यांकडे पाहायला लागला होता. समोरच्या बिल्डिंगवर बरेच होते. पुरवठ्याची अडचण नाही, असं त्याने मनाशी नोंदवलं.

अडचण निघाली ती परवानगीची. कबुतरांच्या त्रासामुळे गच्चीवर अन्न ठेवायला सोसायटीत बंदी होती. पितृपक्षात सवलत होती, पण अर्जात तिथी लिहावी लागे. नंदकिशोर अर्ज घेऊन गेला तेव्हा खानविलकर म्हणाले की गच्ची तर बर्डवाल्यांना दिलीये. नंदकिशोरने विचारलं, बापापेक्षा पक्षी मोठा का? खानविलकरांनी तसं नियमावलीत कुठेच नसल्याचं सांगितलं आणि तोडगा काढला. गच्चीच्या मधोमध खडूने रेघ मारायची. टाकीकडची बाजू पक्षिमित्रांची, जिन्याकडची पितरांची. दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या कामात व्यत्यय आणायचा नाही.

इथे बाळाबाई आत्यांबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत माहेरी परत आली ती भावाच्या संसारातच राहिली. नंदकिशोर आणि बाजीरावला न्हाऊ-माखू घालणारी तीच. अण्णा नेरुळला आले तेव्हा त्यांच्यामागून तीही पत्र्याची पेटी घेऊन आली आणि हॉलमधल्या दिवाणावर तिचा मुक्काम पडला. अण्णांचे कान पुढे पार गेले. कानाला मशीन लावायला ते तयार नसायचे, त्यामुळे आत्या त्यांच्याशी ओरडून बोलायची. अण्णांना औषध कधी दिलं, अण्णांचं पोट साफ झालं का, हे बी विंगमध्ये सगळ्यांना आपोआप कळायचं.

अण्णा गेले आणि आत्या राहिली. अण्णांना उचलता-ठेवताना नंदकिशोरच्या बायकोची, अरुणाची, कंबर कायमची धरली होती, डॉक्टरांनी आता वाकायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि आत्याला साखरेचा आजार. बाजीरावला विचारलं तर तो म्हणाला की आमच्याकडे संडास लांब पडतो. तेव्हा नंदकिशोरने त्याच्या पद्धतीने तीन वृद्धाश्रमांची चौकशी केली, तक्ता मांडला, आणि पनवेलच्या पुढचा एक नक्की केला. हवा चांगली, डॉक्टर आठवड्याला येतो, बाग आहे. सगळं ठरलं होतं. फक्त आत्याला सांगायचं राहिलं होतं. म्हाळ झाला की सांगू, असं नवरा-बायकोचं रात्री स्वयंपाकघरात दार लोटून ठरलं होतं.

म्हाळाच्या दिवशी बाजीराव सकाळीच येऊन पोचला. गुरुजी आले, त्यांनी तर्पण घाईघाईत उरकलं, कारण शिरवण्याला त्यांची अजून दोन घरं होती. अरुणाने कंबरेला पट्टा बांधून वडे, खीर, अळूच्या वड्या, गवारीची भाजी, कढी असा सगळा स्वयंपाक केला. आत्याने सकाळची साखरेची गोळी घेतली आणि जाहीर केलं की कावळा शिवल्याशिवाय आपण तोंडात पाणी घेणार नाही. गोळी घेतल्यावर उपाशी राहायचं नसतं, असं अरुणाने सांगून पाहिलं. आत्या म्हणाली, असा कितीसा वेळ लागतोय.

नंदकिशोर पान घेऊन गच्चीवर गेला. अंगावर फक्त धोतर. ते नेसायची सवय नसल्याने वरून ऑफिसचा पट्टा आवळलेला. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत, पुढे जिना. दार ढकलून तो बाहेर आला आणि पंधरा-वीस माणसांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

टाकीच्या काठावर तो बसला होता. करडी पाठ, पांढरट छाती, डोळ्यांखाली गालांवर उतरलेल्या काळ्या मिशा. नंदकिशोरने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि आपलं पान रेघेच्या अलीकडे ठेवलं. पाणी फिरवलं, हात जोडले, मागे सरकून उभा राहिला. समोरच्या बिल्डिंगच्या कठड्यावर कावळे ओळीने बसले होते. ओरडत होते, उडून दोन घिरट्या घालत होते, टाकीकडे बघून परत कठड्यावर बसत होते. एकही इकडे उतरेना.

आशुतोष जवळ आला आणि हळूच म्हणाला की काका, ससाणा असेपर्यंत ते येणार नाहीत, जिवाची भीती आहे. तो कधी जाईल, असं नंदकिशोरने विचारलं. आशुतोषचा चेहरा उजळला. म्हणाला, आमचं नशीब असेल तर मार्चपर्यंत राहील.

म्हणजे कारण तिथेच, डोळ्यांसमोर, टाकीवर बसलेलं होतं. नंदकिशोरला उलट बरं वाटलं. कारण कळलं की पर्चेसच्या माणसाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. त्याने खाली जाऊन सगळ्यांना समजावून सांगितलं की आपलं काही चुकलेलं नाही, वर शिकारी पक्षी आहे म्हणून कावळे घाबरलेत. बाजीरावने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. आमच्या गावात घारी आहेत, तो म्हणाला, तिथे कावळे शिवतात.

तो परत गच्चीवर आला, तर मागोमाग शेजारीही आले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पक्ष्याचं नाव विचारलं, आणि बहिरी हा शब्द ऐकल्यावर त्या जागच्या जागी थांबल्या. अण्णापण बहिरेच होते, त्या म्हणाल्या. मग आणखी कुणी काही बोलायची गरजच उरली नाही. थोड्याच वेळात ही बातमी तिन्ही विंगमध्ये फिरली आणि दोन बायका गच्चीवर येऊन टाकीला नमस्कार करून गेल्या. बहिरी म्हणजे बहिरा नव्हे, हे आशुतोषने सांगून पाहिलं, पण त्याचं लग्न झालेलं नसल्याने कुणी गंभीरपणे घेतलं नाही. त्यानंतर ससाण्याने झेप घेतली, हवेतच एक कबूतर धरलं, ते टाकीवर आणून निवांतपणे सोलायला सुरुवात केली. कॅमेरे लाह्या फुटाव्यात तसे वाजू लागले. करडी पिसं वाऱ्यावर तरंगत आली आणि दोन अलगद खिरीत पडली. अण्णांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं, असं नंदकिशोर चिडून म्हणाला. त्यावर काकूंचं म्हणणं पडलं की मेल्यावर कसली आलीत बंधनं.

दुसरं पान वाढून घेऊन तो रिक्षाने करावेला, खाडीच्या काठावर गेला. धोतर नेसूनच. रिक्षावाल्याने शूटिंग आहे का म्हणून विचारलं. खाडीवर कावळे भरपूर होते, आणि पानंही भरपूर होती. नेरुळ-सीवूड्सचे अर्धे पितर तिथेच जेवायला आले असावेत. कावळे बांधावर पंख पसरून बसले होते, मधूनच एखादा उठून कुणाच्या तरी पानातला फक्त वडा उचलायचा नि तोही पुढे नेऊन टाकून द्यायचा. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर न करता सांगितलं, “सकालपासून जेवतान ते. आता काय येत नाय.” नंदकिशोर तरीही हात जोडून उभा राहिला. पाठीमागून एक कुत्रा आला आणि त्याने ते पान कढीसकट चाटूनपुसून साफ केलं. कुत्रा चालतो का, हे विचारायला त्याने गुरुजींना फोन लावला. गुरुजी शिरवण्याला मंत्र म्हणत होते, त्यांनी तो कापला.

तो परतला तेव्हा दुपार कलायला लागली होती. आत्या दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि बोटं पदराशी उगीच चाळा करत होती. अरुणाने साखरपाण्याचा पेला तिच्या तोंडाशी धरला होता आणि आत्याने ओठ मिटून घेतले होते. अण्णा उपाशी हाय, एवढंच ती म्हणत होती.

बाजीराव उठला. “चल वर,” तो म्हणाला. “अण्णांची कायतरी इच्छा राहिलीय. बोलून दाखवल्याशिवाय व्हायचं नाही.”

गच्चीवर तिसरं पान ठेवलं. आता गर्दी वाढली होती, पक्षी बघायला आलेले होते आणि कावळा बघायला आलेलेही. बाजीरावने हात जोडून मोठ्यांदा सांगितलं की चुलत्याबरोबरची बांधाची भांडणं आपण मिटवू. कावळे समोरच राहिले. नंदकिशोर म्हणाला की गावच्या शाळेत अण्णांच्या नावाने मुलांना जेवण घालू. काही नाही. अण्णांची सायकल भंगारात देणार नाही, तो म्हणाला. बाजीराव म्हणाला, देवळाचा कट्टा बांधून देऊ. नंदकिशोर म्हणाला, तंबाखू सोडतो. वास्तविक तो तंबाखू खायचा नाही, पण त्या क्षणी दुसरं काही सुचेना. वाऱ्याने धोतर फडफडत होतं आणि तो एका हाताने ते धरून दुसरा हात नमस्कारासाठी छातीशी लावून उभा होता. पक्षिमित्रांनी सभ्यपणे कॅमेरे खाली केले होते. एकाने केले नव्हते.

एक गोष्ट कुणीच बोलत नव्हतं. बाजीराव टाकीकडे बघत होता, नंदकिशोर समोरच्या बिल्डिंगकडे. दोघांच्याही मनात तीच होती आणि दुसऱ्याच्या मनात ती आहे हेही दोघांना माहीत होतं. आत्याला आम्ही सांभाळू. एवढे तीन शब्द. नंदकिशोरने तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्याच्या दारातून अरुणा पुढे आली. एक हात कंबरेवर होता. ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “अहो, जे आपल्याच्यानं होणार नाही ते बोलू नका.”

ती रागाने म्हणाली असती तर त्याने ऐकलं नसतं. पण ती थकून म्हणाली होती. त्याने तोंड मिटलं. ससाण्यामुळे येत नाहीत, असं तो बाजीरावला पुन्हा एकदा सांगायला लागला. सैबेरिया, शिकार, कावळ्यांची भीती, आशुतोषने सांगितलेलं सगळं. बाजीराव ऐकत नव्हता.

आणि तेव्हा जिन्यावरून पंढरीच्या खांद्याला धरून आत्या वर आली. पायऱ्या चढताना तिचा श्वास लागला होता, नऊवारीचा ओचा सुटला होता. पंढरी म्हणाला, आज्जी ऐकतच नव्हत्या. तिने त्याचा हात सोडला, रेघ ओलांडली, आणि तिला थांबवायचं कुणाच्या लक्षात यायच्या आधी टाकीखाली जाऊन उभी राहिली. पदर सावरला. आयुष्यभर भावाशी ज्या आवाजात बोलली त्याच आवाजात, पोटातून ओरडून, ती आभाळाकडे तोंड करून म्हणाली, “अण्णा! मी जातीय पनवेलला! पोरांनी चांगली जागा बघितलीया, बाग हाय म्हणं! माझा घोर करू नगंस! जेव तू आता!”

त्या आवाजाने खालच्या मैदानातली पोरं थबकली. ससाणा दचकला. त्याने पंख उघडले, टाकीवरून स्वतःला सोडून दिलं, आणि खाडीच्या दिशेने असा गेला की दोन श्वासांत तो ठिपका झाला. डोंबिवलीहून आलेला एक माणूस मटकन खाली बसला. आणि समोरच्या कठड्यावरून कावळ्यांची अख्खी रांग उठली, काव काव करत आली, आणि पानावर तुटून पडली. वडे, खीर, अळूवड्या, काही ठेवलं नाही.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. बाजीरावने जोडलेले हात कपाळाला लावले आणि नंदकिशोरकडे वळून म्हणाला, “अण्णांनी मान्य केलं. आता यात बदल नको.”

आशुतोष रिकाम्या टाकीकडे बघत होता. “काका,” तो म्हणाला, “आजींच्या आवाजाने उडाला तो. म्हणून कावळे आले.”

सकाळपासून नंदकिशोर सगळ्या सोसायटीला हेच सांगत होता. आता फक्त हो म्हणायचं होतं. कावळा शिवला तो ससाणा गेला म्हणून, अण्णांनी काहीही मान्य केलेलं नाही, एवढं म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं असतं. त्याने रिकामं पान उचललं. “असेल,” तो म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

जिन्यात आत्या एकेक पायरी उतरत होती. त्याने तिचा दंड धरला. तुला कुणी सांगितलं, हे तो विचारणार नव्हता, पण तीच म्हणाली, “स्वयंपाकघराचं दार लोटून बोलत हुतासा. बहिरा त्यो हुता रं नंदू. मी न्हाई.”

मग सगळे जेवायला बसले. आत्या पोटभर जेवली. खीर दोनदा मागून घेतली, आणि आज एक दिवस चालतं म्हणून अरुणाने तिला ती वाढली. बाजीरावने वड्यांची तारीफ केली आणि संध्याकाळच्या गाडीने तो निघून गेला. धोतरातला नंदकिशोरचा फोटो पक्ष्यांच्या ग्रुपवर बरेच दिवस फिरत राहिला. त्यात तो स्पष्ट आला होता आणि ससाणा मागे अंधुक, म्हणून फोटो काढणाऱ्याला लोक बोलही लावत होते.

नवरात्राच्या आधी आत्याला पोचवायचं ठरलं. घट बसले की मग हलता येत नाही. पत्र्याची पेटी टॅक्सीच्या डिकीत ठेवली. काकूंनी आत्याला लोणच्याची बरणी दिली आणि नंदकिशोरला सल्ला दिला की महिन्यातून एकदा तरी जात जा, नाहीतर तिथली माणसं लक्ष देत नाहीत. आश्रमात खरोखरच बाग होती. आत्याने खाटेवर हात फिरवून बघितला, खिडकी उघडते का ते पाहिलं, आणि त्याला म्हणाली, जा आता, उशीर हुईल, अरुणा एकटीच हाय.

घरी आला तर अरुणाने दिवाण भिंतीकडे सरकवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. कंबरेमुळे तो मध्येच तिरका राहिला होता. त्याने तो सरळ केला. हॉल मोठा वाटत होता. त्याने आश्रमात फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की आजी आत्ताच जेवायला बसल्यात, झालं की लावून देते.

तो फोन हातात धरून दिवाणावर बसून राहिला. अरुणाने दोनदा स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. फोन काही आला नाही. मग तिने ताट वाढलं, आणि तो जेवला.